पितळी पट्टा

नाशिकच्या जुन्या तांबट लेनमध्ये आम्हाला गजराची कधी गरज पडली नाही. साडेसातच्या सुमारास पहिला हातोडा पडायचा, मग शेजारचा, मग समोरचा, आणि दप्तर भरून होईपर्यंत अख्खी गल्ली ठणठणत असायची. बाहेरून आलेला माणूस कानावर हात ठेवायचा. आम्ही त्या आवाजात पाढे पाठ केले, भांडलो, झोपलोसुद्धा. 1997 च्या मे महिन्याच्या सुट्टीत त्याच गल्लीत माझ्या मित्राच्या वडिलांनी आम्हा पोरांना टीव्हीवरच्या कुस्तीत विजेत्याला मिळतो तसा एक पट्टा करून दिला.

हंड्याच्या कामातून उरलेला पितळी पत्र्याचा तुकडा होता. काकांनी तो अंडाकृती कापला, पोरांची बोटं कापू नयेत म्हणून कडा आत वळवल्या आणि मग मठारायला घेतला. मठारकाम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, पत्र्यावर एकाशेजारी एक सारखे ठोके घालत जायचं, असे की प्रत्येक ठोक्याची गोल खूण शेजारच्या खुणेला टेकली पाहिजे, पण तिच्यावर चढता कामा नये. काकांची नजर पत्र्यावर नसायचीच. ते आमच्याशी बोलत होते आणि हात आपला चालला होता. शेवटी, लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं त्यांनी मधोमध उठवली, 'चँपियन'. माझ्या जुन्या दप्तराचा पट्टा दोन रिबिटा मारून मागे जोडला. उन्हात धरला तेव्हा तो टीव्हीतल्या पट्ट्यापेक्षा जास्त चमकला. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

तेव्हा आमच्या खिशात डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीचे ट्रम्प कार्ड असायचे. उंची, वजन, छाती, बायसेप, लढलेल्या फाइट्स, जिंकलेल्या फाइट्स. गणिताच्या पुस्तकातला एकही आकडा लक्षात राहायचा नाही, पण कोणाची छाती किती इंच हे झोपेतही सांगता यायचं. आणि केबलवर तेच पैलवान हलते-बोलते दिसायचे. त्यात माझा देव ब्रेट हार्ट. गुलाबी-काळा पोशाख, ओले केस, आणि रिंगमध्ये येताना डोळ्यांवरचा गॉगल काढून पहिल्या रांगेतल्या एखाद्या लहान मुलाला घालायची त्याची सवय. तो गॉगल आपल्याला मिळावा म्हणून मी काळारामाला नवस बोललो होतो.

आमच्या कुस्त्या मित्राच्या वाड्याच्या चौकात व्हायच्या. खाली कोंड्याची पोती, वर दोन गोधड्या, चारी बाजूंनी सुतळी. मित्र आमच्यात सगळ्यात हडकुळा. पण जिन्याच्या चौथ्या पायरीवरून तो हात पसरून उडी मारायचा तेव्हा आम्ही श्वास रोखायचो. त्या उडीला आम्ही 'धप्पा' म्हणायचो. नाशिककराला वेगळं सांगायला नको. रंगपंचमीला इथे जमिनीखालच्या रहाडी उघडतात, पेशव्यांच्या काळापासूनचे दगडी हौद, आणि रंगाच्या त्या पाण्यात उंचावरून जी उडी घेतात तिचं नाव धप्पा. रहाडीत खाली पाणी असतं. आमच्या धप्प्याखाली उडी झेलणारा मुलगा असायचा.

आणि कोण जिंकणार हे आम्ही आधी ठरवायचो. दुपारी जेवणं झाली की जिन्यावर बैठक बसायची. आज पट्टा तू घे, सोमवारी मला दे, पण मी पहिल्यांदा जवळजवळ हरलो पाहिजे. परवा तू हरलास तेव्हा लगेच उठलास, मजा गेली. अशी तास तास चर्चा. प्रत्येक वेळी पट्टा बदलला की मागच्या बाजूला खिळ्यानं जिंकणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर कोरायचं. दिवाळीपर्यंत मागे अठरा खुणा झाल्या. त्यातल्या अकरा मित्राच्या. कारण साधं होतं. त्याच्याकडून हरायला सगळ्यांना आवडायचं. तो अंगावर पडला तरी लागायचं नाही, तो उचलायचा तेव्हा त्याचा एक हात नकळत आपल्या मानेखाली असायचा, आणि तो जिंकला की वाड्यातल्या बायकासुद्धा वरच्या कठड्यावरून टाळ्या वाजवायच्या.

आमचं ठरवून चालतं तसं टीव्हीतलंही ठरवून चालत असेल, हे मात्र आमच्या डोक्यात एकदाही आलं नाही. तिथलं खरं आणि आपलं खोटं. आपल्याकडे अजून ताकद नाही म्हणून आपण ठरवून खेळतो, मोठे झालो की खरंखुरं खेळू, अशी आमची समजूत होती.

ती मोडली मामानं. मामा भगूरचा, तालमीत वाढलेला. डावा कान मोडून कोबीच्या गड्ड्यासारखा झालेला. दिवाळीत घरी आला होता. मी टीव्ही लावून बसलेलो, तो मागे उभा राहून दोन मिनिटं बघत राहिला आणि अगदी सहज म्हणाला, "नुरा कुस्ती आहे रे ही." नुरा म्हणजे निकाल आधीच ठरवलेली. मी चवताळलो. मग तो शेजारी बसला आणि मला दाखवायला लागला. बघ, याला उचलायच्या आधी यानं स्वतःच गुडघे वाकवले. बघ, त्यानं याच्या मांडीवर हात ठेवून उडी घेतली. आता पडताना बघ, हनुवटी छातीला लावली आणि दोन्ही हात सपाट आपटले. "पडायला छान शिकवलंय पण यांना," असंही तो म्हणाला. ते मला ऐकू आलं नाही. मला फक्त नुरा कुस्ती हे दोन शब्द ऐकू आले. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडलो.

या धंद्याच्या मालकांनी स्वतःच 1989 साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या सिनेटसमोर कबूल केलं होतं की आमचा खेळ म्हणजे स्पर्धा नाही, करमणूक आहे. खेळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाचे नियम आणि कर टाळायचे होते म्हणून. म्हणजे आमचे ट्रम्प कार्ड छापले जात होते तेव्हाही सगळं जाहीर होतं. तांबट लेनपर्यंत पोचायला मामा यावा लागला.

दुसऱ्या दिवशीची कुस्ती आधीच ठरलेली होती. पट्टा माझ्याकडे होता आणि तो मित्राकडे जायचा होता, धप्प्यावर. मी मनाशी म्हटलं, आज एक तरी खरी कुस्ती होऊ दे. तो चौथ्या पायरीवर गेला, हात पसरले, वरच्या कठड्यावर बायका थांबल्या. त्यानं उडी मारली आणि मी बाजूला झालो.

मनगट मोडलं. आवाज फार मोठा झाला नाही, वाळलेली काडी मोडावी तेवढाच. तो ओरडलाही नाही. गोधडीवर उठून बसला, हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "तू होतास ना खाली?"

काकूंनी पट्टा माळ्यावर टाकला. सहा आठवडे प्लास्टर. हाड जरा तिरकं बसलं, ते तसंच राहिलं. तांबटाच्या मुलाचं ते उजवं मनगट होतं, हे मला कळायला आणखी बरीच वर्षं लागली.

मित्राकडे केबल नव्हती. त्यामुळे प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून तो आमच्याकडेच यायचा आणि माझ्या शेजारीच बसायचा. बोलायचा कमी. अशाच एका संध्याकाळी आम्ही 9 नोव्हेंबर 1997 ची ती कुस्ती पाहिली. मॉन्ट्रियल, कॅनडा, ब्रेट हार्टचा स्वतःचा देश. समोर शॉन मायकल्स. ब्रेट ती कंपनी सोडून दुसरीकडे निघाला होता, पट्टा त्याला जाण्याआधी द्यायचाच होता, फक्त आपल्या माणसांसमोर, त्या रात्री, त्या माणसाला द्यायचा नव्हता. त्याला सांगितलं गेलं होतं की आज निकाल लागणार नाही. आणि मग मायकल्सनं ब्रेटचाच डाव ब्रेटवर लावला, ब्रेटनं हार मानलेली नसताना मालकानं घंटा वाजवायला लावली आणि पट्टा दुसऱ्याच्या हातात गेला.

आम्हाला यातलं मागचं-पुढचं काही माहीत नव्हतं. पण ब्रेटचा चेहरा दिसला. हरलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, एवढं आम्हालाही कळलं. मी शेजारी बघितलं नाही. मित्र प्लास्टरवरची खपली नखानं काढत होता, तो आवाज येत राहिला.

पुढे मोठेपणी मी या खेळाबद्दल मिळेल ते वाचत गेलो, बघत गेलो. मामानं दाखवलेलं सगळं खरं निघालं, आणि त्यानं जे सांगितलं त्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं. रिंग म्हणजे लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि कॅनव्हास. तिथे पाठीवर पडण्याला ते लोक 'बंप' म्हणतात, आणि तो बंप खोटा नसतो. निकाल ठरलेला असतो, पडणं ठरलेलं असतं, पण पाठ खरी असते. समोरच्यानं तुम्हाला डोकं खाली करून उचललं की तुमची मान त्याच्या हातात असते. तुम्ही त्याला ती दिलेली असते. ब्रेट हार्टनं पाच वेळा त्या कंपनीचा पट्टा मिळवला, पण त्याला अभिमान वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, आपल्या हातून समोरच्या कोणालाही मोठी इजा झाली नाही याचा. हे तो वारंवार सांगतो. आणि त्याची कारकीर्द संपली ती डिसेंबर 1999 मध्ये गोल्डबर्गची लाथ डोक्याला वर्मी लागून. अशी लाथ मारायची असते ती लागल्यासारखी. ती लागली. गोल्डबर्गच्या मनात काही नव्हतं. मी ते दृश्य एकदाच पाहिलं आहे, दुसऱ्यांदा पाहवलं नाही. माझ्या मनात तर होतं.

लोक आकडे मोजतात. मीही मोजतो. रिक फ्लेअर 16 वेळा जगज्जेता. त्यातलं पहिलं जेतेपद त्यानं 1981 मध्ये डस्टी ऱ्होड्सला हरवून घेतलं. हा 16 चा आकडा कित्येक वर्षं डोंगरासारखा उभा होता. जॉन सीनानं 2017 मध्ये त्याची बरोबरी केली आणि आठ वर्षं थांबून 20 एप्रिल 2025 ला लास व्हेगासमध्ये सतरावं जेतेपद घेतलं. समोर कोण होता? कोडी ऱ्होड्स, डस्टीचा मुलगा. बाप आडवा झाला तेव्हा एकाची मोजणी सुरू झाली, मुलगा आडवा झाला तेव्हा तो विक्रम मोडला. योगायोग असेल. पण मला ते वाचताना तांबट लेन आठवली, जिथे बापाच्या हातचा हातोडा मुलाच्या हातात जातो.

या आकड्यांत एक साधं गणित दडलेलं आहे आणि ते ट्रम्प कार्डवर कधी छापलं नव्हतं. सतरा वेळा पट्टा जिंकायचा तर त्याआधी सोळा वेळा तो सोडावा लागतो. कोणाच्या तरी हातात द्यावा लागतो, वीस हजार लोकांसमोर, पाठीवर पडून. जो कधीच देत नाही त्याला दुसऱ्यांदा कधीच मिळत नाही. ब्रुनो सामार्टिनोनं 1963 पासून सलग 2,803 दिवस पट्टा राखला, आणि जानेवारी 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इवान कोलॉफपुढे तो पडला तेव्हा सभागृहात इतकी शांतता पसरली की सामार्टिनोला वाटलं आपले कानच गेले. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तोच पट्टा त्याच्याकडे पुन्हा आला. पहिल्या पट्ट्यापेक्षा मला तो दुसरा मोठा वाटतो.

जपानच्या अल्टिमो ड्रॅगननं 1996 च्या अखेरीस एकाच वेळी दहा पट्टे बाळगले होते. कमरेला, खांद्यावर, हातात, जिथे जागा मिळेल तिथे पट्टे, असा त्याचा फोटो आहे. मी तो फोटो बघतो तेव्हा मला दहा पट्टे दिसत नाहीत, त्यासाठी खाली पडलेली माणसं दिसतात. हरण्याला त्या धंद्यात 'जॉब करणं' म्हणतात. रोज रात्री नव्या गावात जाऊन दुसऱ्याला मोठं करण्याचं काम. त्यांच्या नावावर एकही पट्टा नसतो.

मामाच्या नावावरही एकही गदा नाही. तो वीस वर्षं तालमीत गेला आणि जत्रेतल्या नारळावरच्या कुस्त्यांपलीकडे फार काही त्याच्या हाती लागलं नाही. पण वस्ताद त्याला नव्या पोरांसोबत मेहनतीला घालायचे. पोराला पट काढायला शिकवायचं तर मामानं शंभरदा पाय द्यायचा. ढाक बसवायची तर मामानं शंभरदा मातीत जायचं. पोराच्या अंगात डाव भिनेपर्यंत पडत राहायचं, आणि पडताना त्याच्या खांद्याला, गुडघ्याला जपायचं. "मातीत ताक, तेल, हळद घालतात ना, तसा मी," असं तो एकदा म्हणाला होता. तो नुरा कुस्ती म्हणाला तेव्हा त्यात तिरस्कार होता असं मी इतकी वर्षं धरून चाललो. आता वाटतं, नसावा. पडणाऱ्याकडेच त्याचं लक्ष होतं.

7 जानेवारी 2020 ला बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती होती. नाशिककडून हर्षवर्धन सदगीर, मूळचा अकोले तालुक्यातला, भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत घडलेला. लातूरकडून शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, एकाच वस्तादाचे. मामाचं वय झालं होतं, तरी खुर्ची टीव्हीला चिकटवून बसला होता. सदगीर 3-2 नं जिंकला. नाशिकला पहिल्यांदाच महाराष्ट्र केसरीची गदा. आमच्या घरात आरडाओरडा झाला, कोणीतरी पेढे आणायला पळालं. आणि तेवढ्यात पडद्यावर सदगीरनं हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं आणि तसाच मैदानात फिरला. मामा एकदम गप्प झाला. मग मोडक्या कानामागे हात नेऊन खाजवत म्हणाला, "जिंकलेल्याला सगळेच उचलतात."

मातीतलं आणि मॅटवरचं गणित टीव्हीतल्या कुस्तीपेक्षा वेगळं आहे, हे मला कळतं. तिथे पट्टा परत द्यावा लागत नाही. ज्यानं एकदा मिळवलं त्याच्या नावामागे महाराष्ट्र केसरी ही पदवी जन्मभर लागते. नरसिंग यादवनं 2011 पासून सलग तीन वेळा ते मिळवलं, लगेच पुढची तीन वर्षं आमच्या खानदेशच्या विजय चौधरीनं. तिथे निकाल कोणी जिन्यावर बसून ठरवत नाही, आणि ठरवला तर तो गुन्हाच. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. पण पहाटे तालमीत काय चालतं ते पाहिलं की एवढं कळतं की चितपट होणारा नसेल तर चितपट करणाराही तयार होत नाही.

2025 च्या डिसेंबरात सीनाची शेवटची कुस्ती होती, 13 तारखेला वॉशिंग्टनमध्ये, आपल्याकडे रविवारची सकाळ. मी तांबट लेनमध्ये गेलो. मित्र आता भांड्यांचं दुकान चालवतो. ठोकायचं काम त्याच्या मनगटानं कधीच धड होऊ दिलं नाही, तो विकतो, मोडीचं वजन करतो, नावं घालून देतो. गल्लीतले हातोडेही आता मोजकेच उरलेत. दुकान उघडायच्या आधी आम्ही दोघं फळीवर बसलो, फोन तराजूला टेकवला. सतरा वेळा जगज्जेता झालेला माणूस गुंथरच्या मिठीत अडकला, बराच वेळ धडपडला आणि हातानं थोपटून त्यानं हार मानली. तिथले लोक चिडले, ओरडले. त्यांना शेवट जिंकण्यानं हवा होता. या धंद्याची जुनी रीत मात्र हीच आहे, जाणाऱ्यानं पडून जायचं, आपल्याजवळ उरलंय ते राहणाऱ्याला देऊन जायचं.

मित्रानं फोन बंद केला, आत गेला आणि येताना हातात पट्टा. माळा उतरवताना सापडला म्हणाला. पितळ काळपट हिरवं पडलं होतं. 'चँपियन'मधले ठिपके मळानं भरलेले. दप्तराचा पट्टा धरला तिथे तुटला. मी उलटा केला. मागे खिळ्यानं कोरलेल्या अठरा खुणा तशाच होत्या, अकरा त्याच्या, चार माझ्या, तीन इतरांच्या. शेवटची माझी.

मी म्हटलं, "खिळा आहे का? तुझी बारावी राहिलीय. त्या दिवशी तूच जिंकायचा होतास."

त्यानं माझ्या हातातून पट्टा घेतला, मांडीवर ठेवला. "राहू दे," म्हणाला. "त्या दिवशी कुस्ती झालीच नाही."

मग वाटीत भिजवलेली चिंच घेऊन तो पुढची बाजू घासायला लागला, अंगठ्यानं, तिरक्या मनगटानं, एकेका मठाराभोवती गोल. मागच्या बाजूला त्यानं चिंच लावली नाही.